मनाचा कौल आणि लोकांचा कौल



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय घेतला आहे, तो सातासमुद्रापलीकडचा आहे. अमेरिकन साहित्य, व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी आणि नागरिकाचे स्वातंत्र्य, असे त्याचे तीन धागे आहेत. आम्ही या साहित्याचे पंडित म्हणून येथे उभे नाही. विद्यार्थी म्हणून उभे आहोत. विद्यार्थ्याने वाचावे, वाचताना जे प्रश्न पडले ते जाणत्या मंडळींपुढे मांडावेत आणि निवाडा त्यांच्यावर सोपवावा, एवढाच आजचा हेतू आहे.

आमचा प्रश्न असा आहे. लोकशाहीत बहुसंख्य लोक म्हणतील तो कायदा. परंतु बहुसंख्य लोक एक म्हणत आहेत आणि आपले मन दुसरेच सांगत आहे, अशा वेळी माणसाने कोणाचे ऐकावे? आपल्याकडे तुकोबांनी खऱ्याखोट्याचा निवाडा गर्दीवर न सोपवता आपल्या मनावर सोपवला, हे प्रत्येक मराठी माणूस लहानपणापासून ऐकत आला आहे. पण तुकोबा संत होते. ज्याला घर आहे, कर भरायचा आहे, शेजाऱ्याशी उद्या बोलायचे आहे, अशा साध्या नागरिकाने काय करावे? अमेरिकन लेखकांनी हा प्रश्न गेली पावणेदोनशे वर्षे सोडलेला नाही. त्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी भांडतात, म्हणूनच ती वाचण्याजोगी आहेत.

आरंभ एका गावापासून करू. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनपासून सुमारे वीस मैलांवर कॉन्कर्ड नावाचे गाव आहे. त्या राज्यात १८२६ साली जोसाया होलब्रुक या गृहस्थाने 'लायसियम' नावाची चळवळ सुरू केली. गावातल्या शेतकरी, कारागीर, दुकानदार मंडळींनी एकत्र यावे, व्याख्याने ऐकावीत, वादविवाद करावेत, असे तिचे स्वरूप होते. कॉन्कर्डचे लायसियम १८२९ सालचे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. दोहोंमध्ये थेट नाते आहे असा आमचा दावा नाही. पण आपण ज्या जातीच्या सभेत बसलो आहोत, त्याच जातीच्या सभेत आजचा आमचा पहिला ग्रंथ जन्मला, हे लक्षात असू द्यावे.

तो ग्रंथ म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो यांचा सविनय कायदेभंगावरील निबंध. थोरो कॉन्कर्डचेच रहिवासी. १८४५ च्या जुलैत ते गावाबाहेरच्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेले. पुढच्या वर्षी, १८४६ च्या जुलैत, दुरुस्तीला दिलेला जोडा आणण्यासाठी ते गावात आले असता डोईपट्टी न भरल्याबद्दल त्यांना अटक झाली. ही पट्टी त्यांनी काही वर्षे भरलीच नव्हती. जे सरकार माणसांना गुलाम म्हणून बाळगू देते आणि जे मेक्सिकोवर चढाई करते, त्या सरकारला आपल्या हाताने पैसा देणे आपल्याला मान्य नाही, हे त्यांचे कारण. रात्र त्यांनी तुरुंगात काढली. कोणीतरी परस्पर पट्टी भरून टाकली आणि सकाळी त्यांची सुटका झाली. मग त्यांनी काय केले? जोडा घेतला आणि रानफळे वेचायला निघालेल्या मंडळींबरोबर ते डोंगरावर गेले.

एका रात्रीचा तुरुंगवास! आपल्या देशात ज्यांनी वर्षानुवर्षे कारावास भोगला, त्यांच्यापुढे ही गोष्ट किती किरकोळ! ही शंका रास्त आहे. पण थोरोंचे महत्त्व रात्रीत नाही, रात्रीनंतर आहे. १८४८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ते कॉन्कर्डच्या लायसियममध्ये उभे राहिले आणि आपण असे का केले, हे त्यांनी त्याच गावकऱ्यांना सांगितले. समोर करभरणारे लोक बसले होते. त्यांना आपण का भरला नाही हे सांगायचे होते. तेच व्याख्यान १८४९ साली छापले गेले. 'सविनय कायदेभंग' हे नाव त्याला १८६६ साली, म्हणजे थोरोंच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी मिळाले.

त्या निबंधात एक लहानशी गोष्ट आहे, तिच्याकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. थोरो सांगतात की रस्त्यांसाठीचा कर भरायला आपण कधीच नकार दिला नाही. का? तर आपल्याला वाईट प्रजाजन व्हावयाचे आहे, वाईट शेजारी नव्हे. आमच्या मते साऱ्या निबंधाची किल्ली येथे आहे. सदसद्विवेकाच्या नावाने जो माणूस सर्वच बंधने झुगारतो, तो थोरोंचा शिष्य नव्हे. ज्याला नकार कोठे द्यावयाचा हे कळते आणि कोठे द्यावयाचा नाही हेही कळते, तो त्यांचा शिष्य. या नकाराला आणखी दोन अंगे आहेत. तो उघड आहे आणि त्याची किंमत नकार देणारा स्वतः मोजतो. चोरून कर बुडवणाऱ्याला कोणी सत्याग्रही म्हणत नाही.

हा निबंध पुढे कोठे कोठे गेला, हे आपल्याला ठाऊक आहे. गांधीजींनी १९०७ साली दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन' या आपल्या पत्रातून तो वाचकांपुढे ठेवला. मात्र सत्याग्रहाची कल्पना आपण थोरोंकडून उचलली, हे म्हणणे गांधीजींनी स्वतःच नाकारले आहे. निबंध हाती पडण्यापूर्वीच आफ्रिकेतील प्रतिकार सुरू झाला होता. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी तोच निबंध अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजात विद्यार्थी असताना वाचला, आणि १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात अन्याय्य कायदा मोडावा तो उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगण्याच्या तयारीने मोडावा, असे प्रतिपादन केले. कॉन्कर्डच्या सभेतला विचार असा जग फिरून पुन्हा अमेरिकेत परतला.

येथवर आमचा मार्ग सोपा होता. मन सांगेल ते करावे, किंमत मोजावी, संपले! पण त्याच साहित्यातला दुसरा एक लेखक हळूच विचारतो, की ज्याला तुम्ही मनाचा कौल म्हणता, तो तुमच्या मनाचाच आहे कशावरून? हा लेखक म्हणजे मार्क ट्वेन, आणि ज्या पुस्तकात त्याने हे विचारले ते 'हकलबरी फिन'. अमेरिकेत ते १८८५ साली प्रसिद्ध झाले. मुलांची सहसकथा म्हणून आपण ते वाचतो. वस्तुतः सदसद्विवेकबुद्धीवर याहून धारदार पुस्तक आम्हाला माहीत नाही.

हक हा दारुड्या बापाचा पोरका म्हणावा असा मुलगा. जिम हा पळून निघालेला गुलाम. दोघे तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून प्रवास करतात. हकला पावलोपावली टोचणी लागते. कसली? तर आपण दुसऱ्याची 'मालमत्ता' पळवण्यास मदत करत आहोत याची! जिमच्या मालकिणीने आपले काय वाईट केले होते, असे तो स्वतःला विचारतो. शेवटी तो मालकिणीला पत्र लिहितो, जिमचा ठावठिकाणा कळवतो, आणि पत्र लिहून होताच पाप धुतल्यासारखे त्याला हलके वाटते. मग तो बसल्या बसल्या आठवू लागतो. आपल्याला झोप मिळावी म्हणून जिमने आपल्या वाटचाही पहारा केला. धुक्यातून आपण परतलो तेव्हा जिमला किती आनंद झाला. हक पत्र पुन्हा हातात घेतो, थरथरतो, आणि फाडून टाकतो. आपण आता नरकात जाणार, अशी त्याची पक्की समजूत आहे. तरीही तो फाडतो.

श्रोतेहो, या प्रसंगाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. येथे हकची सदसद्विवेकबुद्धी त्याला वाईट सल्ला देत आहे. कारण ती त्याची नाहीच. गावाने, शाळेने, चर्चच्या प्रवचनाने ती त्याच्या मनात पेरली आहे. गावाचाच कौल मनाच्या आवाजात बोलतो आहे. त्याला वाचवते ते तत्त्वज्ञान नव्हे. एका माणसाचा सहवास त्याला वाचवतो. पुढे ट्वेननेच या पुस्तकाविषयी सांगितले की त्यात निकोप अंतःकरण आणि बिघडलेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि बुद्धी हरते.

आपल्या समाजाला हे कळायला अवघड जाऊ नये. अस्पृश्याची सावली पडली म्हणून स्नान करणाऱ्या माणसाचे मन त्याला खातच होते. स्नान केल्यावर शांत होत होते. तो ढोंगी नव्हता. त्याची टोचणी खरी होती आणि तरीही ती अन्यायाची नोकर होती. तेव्हा 'माझे मन मला सांगते' एवढे म्हणून भागत नाही. मनाला ते कोणी शिकवले, आणि ज्याच्याविषयी ते बोलत आहे त्या माणसाला आपण कधी भेटलो आहोत काय, हे विचारावेच लागते.

गंमत अशी, की हे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी ज्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या समितीने ते गावंढळ आणि असभ्य ठरवून कपाटातून काढले, ते ग्रंथालय कॉन्कर्डचे होते! ज्या गावाने थोरोंचे ऐकून घेतले, त्याच गावाने हकला दार बंद केले. गावे अशीच असतात. एका पिढीने मिळवलेले शहाणपण दुसरीला वारसाहक्काने मिळत नाही. पुढे विसाव्या शतकात याच पुस्तकावर दुसऱ्या बाजूने आक्षेप आला. कृष्णवर्णीयांसाठी त्यात वारंवार येणारा अपमानास्पद शब्द शाळेतल्या मुलांनी का सोसावा, असा प्रश्न पालकांनी केला. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण पुस्तकात जिमविषयी बोलतो तो हक; जिम स्वतः काय म्हणाला असता?

त्याचे उत्तर अमेरिकन साहित्याने ट्वेनच्या आधीच देऊन ठेवले होते. फ्रेडरिक डग्लस हे मेरीलंड राज्यात गुलाम म्हणून जन्मले. बॉल्टिमोरमध्ये मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला घेतली, तेव्हा मालकाने तिला थांबवले. गुलाम वाचू लागला तर तो गुलाम राहणार नाही, हे मालकाचे म्हणणे डग्लसनी ऐकले, आणि मुक्तीची वाट आपल्याला शत्रूनेच दाखवली असे पुढे लिहून ठेवले. बाराएक वर्षांचे असताना त्यांनी पन्नास सेंट देऊन एक पुस्तक विकत घेतले. ते होते भाषणांचे आणि संवादांचे! त्यात एका गुलामाचा आणि मालकाचा संवाद होता. गुलाम युक्तिवादाने मालकाला निरुत्तर करतो आणि मालक त्याला मुक्त करतो. डग्लस स्वतः मात्र युक्तिवादाने सुटले नाहीत. १८३८ साली ते पळाले. १८४५ साली त्यांचे आत्मवृत्त निघाले, आणि १८५२ च्या जुलैच्या पाच तारखेला रॉचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलावले असता, तुमचा हा सण गुलामाला काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांनी यजमानांसमोरच टाकला.

आता कॉन्कर्डला क्षणभर परत चला. १८४५ सालची गोष्ट. गुलामगिरीविरुद्ध बोलणारे प्रसिद्ध वक्ते वेंडेल फिलिप्स यांना लायसियममध्ये बोलवावे की नाही, यावर तेथे मोठा वाद झाला. असले वादग्रस्त विषय आपल्या व्यासपीठावर नकोत, असे काही प्रतिष्ठितांचे म्हणणे. व्याख्यान झाले, विरोध करणाऱ्या चालकांनी राजीनामे दिले, आणि थोरोंनी त्या व्याख्यानाचे वर्णन करणारे पत्र एका गुलामगिरीविरोधी साप्ताहिकाला पाठवले. तीन वर्षांनी थोरोंना जे व्यासपीठ मिळाले, ते या वादातून मोकळे राहिलेले व्यासपीठ होते. म्हणून आम्ही असे म्हणतो, की सदसद्विवेक एकट्या माणसात जागा होत असला तरी नागरिकाचे स्वातंत्र्य एकटा माणूस निर्माण करू शकत नाही. त्याला ऐकून घेणारे गाव लागते. न पटले तरी ऐकून घेणारे.

आणि गाव ऐकेनासे झाले म्हणजे काय होते? मॅसॅच्युसेट्समध्येच सेलम येथे १६९२ साली चेटुक केल्याच्या आरोपावरून एकोणीस स्त्रीपुरुषांना फाशी दिले गेले आणि एकाचा छातीवर दगड रचून जीव घेतला गेला. आरोप कबूल करून इतरांची नावे सांगणारे वाचले, नाकारणारे मेले. त्या न्यायासनावरील एक न्यायाधीश, सॅम्युएल स्यूअल, १६९७ साली बॉस्टनच्या चर्चमध्ये भर उपासनेत उभे राहिले आणि आपल्यावर या पापाचा दोष आहे असा त्यांचा कबुलीपत्राचा कागद धर्मगुरूंनी सर्वांसमोर वाचला. दुसरे एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न यांनी पश्चात्ताप केल्याचे दिसत नाही. त्यांचे वंशज नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी १८५० साली 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी लिहिली, आणि तिच्या प्रस्तावनेत पूर्वजांच्या या कृत्यांची लाज आपण आपल्यावर घेतो असे म्हटले.

हाच सेलमचा विषय १९५३ साली आर्थर मिलर यांनी 'द क्रूसिबल' या नाटकात घेतला. तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाची लाट होती. समित्यांपुढे माणसे बोलावली जात आणि इतरांची नावे विचारली जात. नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर जीव वाचवण्यासाठी खोटी कबुली द्यायला तयार होतो; पण इतरांची नावे घेत नाही, आणि सही केलेला कागद चर्चच्या दारावर लावण्यासाठी मागितला जातो तेव्हा तो फाडून टाकतो. तीन वर्षांनी, १९५६ साली, मिलर स्वतः अशा समितीपुढे उभे होते. स्वतःविषयी त्यांनी सांगितले. इतरांची नावे सांगण्यास नकार दिला. १९५७ साली त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि १९५८ साली अपिलात तो निकाल रद्द झाला. लेखकाने पात्राच्या तोंडी घातलेला नकार नंतर स्वतः द्यावा, असे साहित्याच्या इतिहासात फार वेळा घडत नाही.

अपिलात निकाल रद्द झाला, या शब्दांवर थोडे थांबले पाहिजे. सेलममध्ये अपील नव्हते. माणसांच्या चुका सुधारण्याची वाट जेथे ठेवलेली असते, तेथेच सदसद्विवेकाला हौतात्म्याशिवाय जगता येते. १९४० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका धर्मपंथाच्या मुलांना शाळेत ध्वजवंदन सक्तीचे करता येते असा निकाल आठ विरुद्ध एक मतांनी दिला. त्यानंतर त्या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांनी, १९४३ च्या जूनमध्ये, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निकाल फिरवला. देशप्रेम सक्तीने पाठ करवून घेता येत नाही, हा त्याचा आशय. आपल्या देशातही १९८५ साली केरळमधील त्याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत. फक्त गात नसत. १९८६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य शब्दशः लिहिलेले आहे, याची आठवण अशा वेळी होते.

परंतु आमचे म्हणणे एकांगी राहू नये, म्हणून ज्यांनी ती घटना घडवली त्यांचा इशारा सांगणे प्राप्त आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. अमेरिकन लोकशाहीचे गुणदोष त्यांनी जवळून पाहिले. १९२७ साली महाडला सत्याग्रह त्यांनीच केला. आणि तरीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले, की घटनात्मक मार्ग मोकळे झाल्यावर कायदेभंगाचे आणि सत्याग्रहाचे मार्ग सोडले पाहिजेत. नाही तर अराजक ओढवेल. थोरो आणि बाबासाहेब यांची ही तफावत गोड शब्दांनी मिटवू नये. थोरो एकटे होते. बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे जमाव होता. सदसद्विवेकाचे नाव घेऊन जमाव रस्त्यावर येतो, तेव्हा त्यातल्या किती जणांनी खरोखर स्वतःच्या मनाला विचारलेले असते? त्याच भाषणात, कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नका, असेही ते म्हणाले. आपल्या मनाचा कौल पुढाऱ्याकडे गहाण टाकणारा माणूस मग ना थोरोंच्या उपयोगाचा, ना बाबासाहेबांच्या.

तर या वाचनातून विद्यार्थ्याच्या हाती काय लागले? मनाचा कौल खरा मानण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात, असे आम्हाला वाटते. ज्याच्यावर अन्याय होतो त्या माणसाचे आपण ऐकले आहे काय? आपण जे करणार ते उघड करणार आहोत काय? आणि त्याची किंमत आपण मोजणार, की शेजाऱ्याला मोजायला लावणार? या तिन्हींचे उत्तर ठीक आले, तर बहुमत विरुद्ध असले तरी मागे फिरू नये. मात्र घटनेने दिलेला मार्ग मोकळा असेल तर आधी तो चालून पाहावा.

आणि आपण बहुसंख्यांत असू, तेव्हा? आपल्यापैकी बहुतेकजण बहुतेक वेळा तेथेच असतात. तेव्हा आपले कर्तव्य थोरोंहून साधे, पण सोपे नव्हे असे आहे. आपल्या गावच्या ग्रंथालयातून कोणते पुस्तक काढले जात आहे, आपल्या शाळेतून कोणत्या मुलाला बाहेर उभे केले जात आहे, आपल्या व्याख्यानमालेत कोणाला बोलवू नये असा आग्रह चालला आहे, याची चौकशी करावी, आणि समितीच्या सभेला हजर राहून आपले मत नोंदवावे. कॉन्कर्डच्या लोकांनी १८४५ साली एवढेच केले होते. त्यासाठी तुरुंगात जावे लागत नाही. संध्याकाळी घराबाहेर पडावे लागते, आणि आज आपण तसे पडला आहात.